मेघाची पाठ

बुंदेलखंडातला उन्हाळा आभाळातून जितका उतरतो, त्याहून अधिक जमिनीतून वर येतो. इथली भूमी मुळातच ग्रॅनाइटची. झाशीचा किल्ला ज्या बंगिरा टेकडीवर उभा आहे ती टेकडी, शहराभोवतीचे बोडके माळ, बेतवेच्या पात्रातल्या करड्या-तांबूस शिळा, हे सारे एकाच दगडाचे गोत्र. वैशाखात हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते सावकाश परत करतो. २८ मे २०२४ या दिवशी झाशीत पारा ४९ अंशांवर गेला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना इथले लोक 'नौतपा' म्हणतात. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पुढचा पाऊस चांगला, अशी समजूत आहे. त्यामुळे त्या होरपळीतही कुणी फारशी तक्रार करीत नाही. उलट एखाद्या वर्षी नौतपा थंड गेला तर म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे उतरतात.

अशाच दिवसांत एखाद्या दुपारी, चारच्या सुमारास, लू एकाएकी थांबते. झाडाचे पान हलत नाही. पश्चिमेच्या क्षितिजावर पिवळट-तपकिरी रंगाची एक भिंत उभी राहते आणि पाहता पाहता शहरावर चालून येते. ही आँधी. झाशीतली जुनी मराठी घरे तिला अजूनही सवयीने 'वळीव' म्हणतात. पण देशावरचा वळीव आणि ही आँधी यांत अंतर आहे. वळवाबरोबर मातीचा वास येतो. आँधीबरोबर मातीच येते. धुळीमागून कधी टपोरे थेंब पडतात, कधी गारा, आणि कधी नुसताच गडगडाट होऊन सारे ओसरते. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत वाढलेल्या या घरांना म्हणूनच दोन्ही शब्द लागतात.

ही घरे इथे आली ती मराठ्यांच्या सत्तेबरोबर. अठराव्या शतकाच्या मध्याला नारोशंकरांनी किल्ला वाढवला आणि शहर वसवले; पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली. १८४२ साली मणिकर्णिकेचे लग्न लागले ते गणेशमंदिर आजही आहे. मराठी वाचकाला झाशी भेटते ती मात्र बहुधा वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मधून. १८५८ च्या वेढ्यात ते शहराच्या आत होते. सर ह्यू रोजच्या सैन्याने तटाबाहेरच्या उंचवट्यांवरून शहर न्याहाळून तोफा मांडल्या; गोडशांनी तोच वेढा घराच्या आडोशाला दडून, पाण्यासाठी आणि अन्नासाठी जीव मुठीत धरून अनुभवला. एकाच गोष्टीची ही दोन दर्शने आहेत. पहिल्यात आकृती दिसते, दुसऱ्यात माणसे.

या शहराच्या जुन्या भागात, एका तीनमजली घराच्या गच्चीवर, उन्हाळाभर संध्याकाळी तीन-चार माणसे जमतात. घर ज्यांचे, त्यांना सारे 'नाना' म्हणतात. घरात हे नाव मराठी अर्थाने पडले. गल्लीतली बुंदेली मुले मात्र ते हिंदी अर्थाने घेतात आणि आईच्या वडिलांवर चालवावा तसा हक्क त्यांच्यावर चालवतात. नाना रेल्वेत सिग्नल खात्यात होते. झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईच्या मध्य रेल्वेत असल्याने त्यांच्या नोकरीचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला राहिला. मन मात्र आभाळात. सिग्नलच्या तारा वादळात तुटत, खांब कलंडत, म्हणून आधी गरजेपोटी त्यांनी वाऱ्यापावसाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. गरज निवृत्तीबरोबर संपली. वही चालूच राहिली. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि काही दिवसांनी दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांचे धूसर चित्र दिसू लागले. ते चित्र दिसण्याआधी घरात कुणी बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

त्यांच्या मंडळात शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर आहेत, औषधांच्या दुकानाचे एक मालक आहेत, आणि अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा आहे. यांपैकी कुणीही वेधशाळेत काम केलेले नाही. सहदेव-भाडळीची वचने नानांनी आजोबांकडून ऐकली, घाघ-भड्डरीची मास्तरांनी त्यांच्या आजोबांकडून. आणि दोन्ही आजोबा बहुतेक तेच सांगत होते, हे त्यांना गच्चीवर कळले. त्या वचनांतून आभाळ खालून वाचले जाते: कोणत्या दिशेचा वारा, कोणत्या रंगाची सांज, चिमणी धुळीत न्हाते की नाही. उपग्रहाचे चित्र हे सारे उलटे करते. ते मेघाची पाठ दाखवते.

ही पाठ वाचायची विद्या मंडळाने हळूहळू आत्मसात केली. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीच्याच गतीने फिरणारा उपग्रह एका जागी स्थिर असल्यासारखा भासतो. त्याचा अवरक्त डोळा प्रकाश पाहत नाही, उष्णता पाहतो. म्हणून रात्रही त्याला अडवत नाही. तापलेली जमीन चित्रात काळी उमटते, थंड वस्तू पांढरी. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितका पांढरा. खाली झाशीत माणसे पंचेचाळीस अंशांत घामाघूम असतात, त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरच्या ढगाचा माथा उणे साठ-सत्तर अंशांवर गोठलेला असतो. या दोन टोकांतले अंतर पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे झाशीहून ओरछ्याला जाण्याइतके. एवढ्याशा अंतरात शंभराहून अधिक अंशांचा फरक सामावतो आणि त्यातूनच वादळाची सारी ताकद निर्माण होते, हे मास्तर मुलांना सांगतात तेव्हा वर्ग शांत होतो.

उन्हाळी वादळाचा जन्म चित्रात पाहणे हा या मंडळींचा खरा छंद. दुपारी दोनपर्यंत पडद्यावर काही नसते. मग राजस्थानच्या कडेला किंवा ग्वाल्हेरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटतो. पुढच्या चित्रात तो वाटाण्याएवढा होतो. त्याच्या पुढच्या चित्रात त्याची एक कड धारदार होते आणि दुसरी पूर्वेकडे विस्कटू लागते. कारण वैशाख-ज्येष्ठात उंचावर पश्चिमेचे वारे असतात आणि ढगाचा माथा त्या छताला थडकून ऐरणीसारखा पूर्वेकडे पसरतो. कधीकधी ऐरणीच्या मधोमध एक टेंगूळ वर येते. ढगातला चढता झोत छत फोडून वर घुसल्याची ती खूण. हे टेंगूळ दिसले की औषधवाले खुर्चीवरून उठून उभे राहतात. बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल, पश्चिमेकडून आलेली वरची थंडी आणि मधे तापलेला दगड, अशी तिघांची गाठ पडल्याशिवाय हा सोहळा घडत नाही. आँधीची भिंत कशी उठते तेही त्यांना उमगले आहे: ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतो, त्याने हवा थंड व जड होते, ती जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पुढची माती उचलते. धूळ हे पावसाचेच, न पोचलेल्या पावसाचे, पाऊल असते.

अभियांत्रिकीच्या मुलाने या छंदात आणखी एक भर घातली. अॅल्युमिनियमच्या दोन सळ्या कोनात बसवून त्याने गच्चीच्या कठड्यावर अँटेना उभी केली आणि ध्रुवांवरून फिरणाऱ्या अमेरिकन नोआ उपग्रहांचे संदेश तो थेट पकडू लागला. उपग्रह क्षितिजावर आला की छोट्या रिसीव्हरमधून आधी खरखर, मग घड्याळासारखी टकटक ऐकू येई. सेकंदाला चित्राच्या दोन ओळी. दहा-बारा मिनिटांत पडद्यावर वरून खाली, विणकामासारखा, हिमालयापासून सिंहलापर्यंतचा पट उतरे. कुणाच्या मध्यस्थीशिवाय, आपल्याच गच्चीवर उतरलेले ते चित्र अस्पष्ट असले तरी नानांना अधिक प्रिय होते. सिग्नल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या टकटकीत ओळखीची भाषा ऐकू येत असावी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या मालिकेतले शेवटचे दोन उपग्रह बंद करण्यात आले. मुलगा आता रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची चित्रे घेतो. ती अधिक रेखीव आहेत, पण त्यांत टकटक नाही. जुन्या सळ्या कठड्यावर तशाच आहेत. त्यांवर पारवे बसतात.

पावसाळा तोंडावर आला की मास्तर 'मेघदूत' काढतात. झाशीच्या माणसाला या काव्याविषयी एक लहानशी खंत असते. यक्षाचा मेघ रामगिरीहून, म्हणजे परंपरेने मानलेल्या विदर्भातल्या रामटेकहून निघतो, विदिशेला वेत्रवतीचे पाणी पितो. आणि मग वाकडी वाट करून उज्जयिनीला जातो. तीच वेत्रवती, म्हणजे बेतवा, विदिशेहून पुढे ओरछा आणि झाशीजवळून वाहते, पण मेघ तिच्या काठाने खाली येत नाही. बुंदेलखंडाच्या वाट्याला पाऊस हुलकावणी देतो याची ही पहिली साहित्यिक नोंद, असे मास्तर थट्टेने म्हणतात. काव्याच्या अखेरीस यक्ष मेघाला आशीर्वाद देतो, की तुझा विजेशी क्षणभरही वियोग न होवो. वीज ही मेघाची सहचरी. वर्षानुवर्षे ही कल्पना त्या गच्चीवर निव्वळ सुंदर म्हणून ऐकली गेली.

काही वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात तिचा दुसरा अर्थ कळला. त्या दुपारी आग्नेयेला, बेतवेच्या पलीकडे, एक ढग अवघ्या तासाभरात असा वाढला की त्याच्यासारखा रेखीव ढग त्या मोसमात झाला नव्हता. टेंगूळ स्पष्ट होते. औषधवाल्यांनी चित्र छापून घेतले. नानांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढे, त्यांच्या सवयीविरुद्ध, एक विशेषण लिहिले: 'देखणा'.

नानांकडे दूध घालणारा माणूस बेतवेपलीकडच्या एका खेड्यातून येतो. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचे डोके भादरलेले होते. रब्बीचे पीक निघाल्यावर इकडे जनावरे मोकळी सोडायची रीत आहे. त्याचा धाकटा भाऊ शेळ्या घेऊन माळावर गेला होता. थेंब आले तसा तो महुव्याच्या झाडाखाली उभा राहिला. 'गाज पडली,' एवढेच तो म्हणाला. विजेच्या पडण्याला इकडे 'गाज' म्हणतात. नानांनी त्याला बसवले, पाणी दिले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्याने विचारले, 'नानाजी, तुमच्या त्या फोटोत हा ढग दिसला होता का?'

त्याच्या स्वरात आरोप नव्हता. गच्चीवर काय चालते हे त्याला ठाऊक होते. पाऊस कधी येणार असे विचारून तो नेहमी थट्टाही करी. नाना म्हणाले, 'दिसला होता.' त्यावर त्याने विचारले, 'मग आमचे गाव दिसले होते का?'

गाव दिसले नव्हते. दिसणे शक्यच नव्हते. या अवरक्त चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा तुकडा, सोळा चौरस किलोमीटरचा. त्या एका ठिपक्यात झाशीचा किल्ला, लक्ष्मीताल आणि तटाच्या आतले सारे जुने शहर मावते. बेतवेपलीकडचे ते खेडे, त्याचा माळ, महुव्याचे झाड, शेळ्या आणि झाडाखाली उभा असलेला मुलगा हे सारे मिळून त्या चित्रात एका ठिपक्याचाही भाग नव्हते. आणि त्या ठिपक्यावरही ढगाची पांढरी पाठ पसरलेली होती. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या चित्रात वीजच नसते. उपग्रहाचा हा डोळा माथ्याची थंडी मोजतो. ढगाच्या पोटात काय लखलखते ते त्याला दिसत नाही. यक्षाने ज्यांचा वियोग होऊ नये म्हणून प्रार्थना केली, त्या मेघाला आणि विजेला या चित्राने अलग केले होते. गच्चीवरच्या माणसांनी इतकी वर्षे केवळ मेघ पाहिला होता.

भारतात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. २०२२ साली अधिकृत नोंद २,८८७ मृत्यूंची होती. चक्रीवादळाचा दिवस देश लक्षात ठेवतो. २ मे २०१८ रोजी उत्तर प्रदेश आणि राजस्थानात आलेल्या आँधीत एका रात्रीत शंभरावर माणसे दगावली, तीही काही काळ लक्षात राहिली. वीज मात्र माणसांना एकेकटे गाठते: भात लावणारी बाई, गुराखी, झाडाखालचा वाटसरू. एकेकट्या मरणाची बातमी तालुक्याच्या पानावरून पुढे जात नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मंडळाचा छंद बदलला असे म्हणता येणार नाही. पण त्याला एक काम चिकटले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर वीज टिपणाऱ्या यंत्रांचे जाळे उभारले आहे. वीज चमकताना ज्या रेडिओलहरी उठतात त्या ही यंत्रे पकडतात आणि जागा ठरवतात. त्यावर बेतलेले 'दामिनी' नावाचे अॅप आपल्या आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरांतल्या विजा फोनवर दाखवते. नानांनी ते घेतले. चित्रात मेघाची पाठ आणि दामिनीत विजेचे ठिपके, असे दोन्ही शेजारी ठेवून ते पाहू लागले, आणि वेळ आली की दूधवाल्याला फोन करू लागले. दूधवाल्याने आपल्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत काही माणसे ठरवली. फोनवरचे वाक्य आखून घेतले: आभाळ बघा, झाड सोडा, पक्क्या छपराखाली जा.

हे काम गच्चीवरून वाटले तितके सोपे निघाले नाही. एक चित्र तयार होऊन पडद्यावर येईपर्यंत अर्धा तास मागे पडलेले असते आणि उन्हाळी ढग अर्ध्या तासात जन्मून जाणता होतो. म्हणजे पडद्यावर दिसतो तो नेहमी मघाचा ढग. त्यामुळे थोडी घाई करावी लागते, आणि घाई केली की चूक होते. पहिल्या आषाढात नानांनी एका गावाला तीनदा फोन केला. दोनदा ढग बाजूने निघून गेला. तीळ-उडदाच्या पेरणीचे दिवस; दोन तास शेत सोडायचे म्हणजे मजुराची मजुरी बुडते आणि मालकाची ओल जाते. तिसऱ्या वेळी गावातल्या एकाने फोनवरच सुनावले, की झाशीला गच्चीवर बसून भिणे परवडते. नानांना ते लागले, पण त्यांनी प्रत्युत्तर दिले नाही. बोलणे खरे होते. सावधगिरीलाही किंमत असते, आणि ती किंमत बहुधा इशारा देणाऱ्याला मोजावी लागत नाही.

यावर उपाय निघाला तो दूधवाल्याकडून. तो म्हणाला, तुम्ही वरचे सांगा, आम्ही खालचे सांगतो. तेव्हापासून फोन दोन्ही बाजूंनी होतात. नाना सांगतात, ढगाची धारदार कड तुमच्या बाजूला आहे, वीज अमुक अंतरावर आहे. गावाकडून उत्तर येते: लू थांबली आहे, गार झुळूक आली, ती ईशान्येची आहे, शेळ्या स्वतःहून गावाकडे वळल्या, गडगडाट ऐकू येतो किंवा येत नाही. घाघ-भड्डरीच्या वचनांतून जी नजर आजोबांकडून नातवाकडे आली होती, तिचा असा उपयोग होईल हे कुणी योजले नव्हते. वरची बातमी आणि खालची बातमी जुळली तरच शेत सोडायचे, असे ठरले. गडगडाट कानी आला तर मात्र जुळवाजुळव करीत थांबायचे नाही. गडगडाट ऐकू येतो तिथवर वीज पोचू शकते, ही गोष्ट दूधवाल्याने स्वतः तिन्ही गावांत सांगितली.

यामुळे किती जीव वाचले हे सांगता येत नाही. न पडलेल्या विजेची नोंद होत नाही, आणि जो माणूस वेळेत घरी गेला त्याला आपण वाचलो हे कळतही नाही. पण नानांच्या वहीची रीत बदलली आहे. पूर्वी पानावर एकच रकाना होता. आता उभी रेघ मारून दोन केले आहेत. डावीकडे पाठ, उजवीकडे पोट. गेल्या ज्येष्ठातल्या एका पानावर डाव्या रकान्यात लिहिले आहे: दुपारी चार, ढग आग्नेयेस, माथा उणे अडुसष्ट, टेंगूळ स्पष्ट. उजव्या रकान्यात, दूधवाल्याच्या शब्दांत: महुव्याखाली कोणी नाही.